शिमग्याआधीची कार्यशाळा: आधी सहाणेवर जा, मग कागद भिजवा

प्रश्न असा आला आहे: ‘आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, मी मुंबई मंडळाचा चिटणीस. यंदा शिमग्याआधी गावातल्या मुलांसाठी आणि बायकांसाठी कला कार्यशाळा घ्यायच्या ठरल्या आहेत. मुखवटे, नमनाची गाणी, मृदंग असं काहीतरी. मुंबईहून एक चित्रकला शिक्षक शनिवार-रविवार यायला तयार आहेत. दोन दिवस पुरतील का? खर्च किती धरावा? आणि मानपानावरून वाद होऊ नये म्हणून काय करावं?’

दोन दिवस पुरणार नाहीत. शिक्षक चांगले असतील, पण त्यांचं तिकीट आत्ताच काढू नका. त्यांचं काम तिसऱ्या आठवड्यात येतं, ते का ते पुढे सांगतो.

मी गुहागर तालुक्यातला. प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आणि गेली २२ वर्षे या ना त्या गावात शिमग्याच्या आधी पोरांना घेऊन बसतो. पहिल्या वर्षी मी अगदी तुमच्यासारखंच केलं होतं. शहरातून एक कलाकार आणला, दोन दिवस चाळीस पोरं, रंगांच्या बाटल्या, मधल्या सुट्टीत वडापाव. वाघ झाले, सिंह झाले, एक विदूषक झाला, टीव्हीवरचे दोन-चार वीर झाले. फोटो झकास आले. मुखवटे शाळेच्या पडवीत खिळ्यांना टांगले. मग शिमगा आला, पालखी आली, खेळे, म्हणजे नमन हे गाण्या-सोंगांचं लोकनाट्य करणारी मंडळी, शाळेच्या अंगणात नाचून गेले, आणि एकही मुखवटा खिळ्यावरून खाली उतरला नाही. पुढल्या पावसात खळीच्या वासाने उंदीर आले आणि त्यांनी मात्र मनापासून दाद दिली. त्या रात्री एक म्हातारे खेळी पडवीत बिडी ओढत बसले होते. वाघाकडे बोट करून त्यांनी विचारलं, “मास्तर, ह्ये कुनाचं सोंग?” मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कागद भिजत घालायच्या आधी प्रत्येक वस्तूबद्दल विचारायचं: हे कोण घालणार, कोणत्या रात्री, कोणत्या गाण्यानंतर? उत्तर नसेल तर ती वस्तू करायचीच नाही. तुमच्या मंडळाने बाकी काही केलं नाही आणि एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

आता मानपान. तुम्ही तो शेवटी विचारलात, पण सुरुवात तिथूनच होते. पालखीला रूपं, म्हणजे देवांचे धातूचे मुखवटे, कोण लावणार, ती पहिली कोण उचलणार, कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी जाणार, ढोलाला पहिली काठी कोणाची, हे सगळं ठरलेलं असतं आणि ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं. या वादातून पालखी वर्षानुवर्षे बंद राहिलेली गावं आपल्या जिल्ह्यात आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे छापलेली कार्यक्रमपत्रिका घेऊन गावात उतरू नका. पत्रिका पाहिली की मानकऱ्यांना वाटतं, सगळं मुंबईत ठरलं, आता आपल्याला फक्त कळवायला आलेत. रिकाम्या हाताने, म्हणजे फक्त नारळ घेऊन, गावकर, मानकरी आणि गुरव एकत्र असतील अशा वेळी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागी, जा. नारळ ठेवा, गाऱ्हाणं घालायला सांगा आणि मग विचारा की पोरांनी काय केलेलं चालेल. चालणार नाही ते ते आपणहून सांगतील. पालखी, रूपं, निशाण, देवस्थानचा ढोल यांना कार्यशाळेने हात लावायचा नाही. खेळे, नमन, सोंगं ही बाजू मोकळी असते, तिथे तुम्हाला भरपूर रान आहे.

जागेचंही तसंच. सगळे म्हणतात, देवळाचा सभामंडप ऐसपैस आहे, पंखे आहेत. मी शाळेची पडवी धरतो. कारण कार्यशाळेला सगळ्या वाड्यांतली पोरं आली पाहिजेत, बौद्धवाडीतलीसुद्धा. देवाच्या कामात भाग घ्यायचा की नाही हे त्या घरांनी ठरवायचं, त्यात आपण पडायचं नाही. पण कागद भिजवायला, मृदंग शिकायला, गाणं ऐकायला कोणाला देवळाची पायरी चढावी लागू नये. शाळा सगळ्यांची. एका गावात मी हे न विचारता सभामंडप घेतला होता आणि दोन वाड्यांतलं एकही पोर आलं नाही. कोणी काही बोललं नाही, भांडण झालं नाही, नुसती पोरं आली नाहीत.

वेळापत्रक उलटं मोजा. फाकपंचमी म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमी, तिथून पोरं रोज छोटी होळी लावायला लागतात आणि मग त्यांचं तुमच्याकडे लक्ष राहत नाही. तुमच्या गावी तेरसे शिमगे असतील तर त्रयोदशीला, भद्रेचे असतील तर पौर्णिमेला मुख्य होम. म्हणजे सगळं काम पंचमीच्या आत उरकलं पाहिजे. तिथून सहा आठवडे मागे गेलात की पौषाची अखेर येते. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ, एवढंच ठेवा. दहावी-बारावीची मुलं धरू नका, त्यांची परीक्षा त्याच सुमाराला असते आणि त्यांच्या आया तुम्हाला शिव्या देतील, त्या रास्तही असतील. पाचवी ते आठवी हे खरं वय. मोठ्या माणसांचं म्हणाल तर ज्यांच्या काजी, म्हणजे काजूची झाडं, आहेत ते फेब्रुवारीपासून बी वेचायला जातात, आंबेवाल्यांची फवारणी चालू असते. त्यांना दिवसा बोलावून उपयोग नाही. रात्री जेवणं आटपल्यावर तालमीला येतील.

मुखवट्याकडे येतो, कारण तिथे सगळे घाई करतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

दोन रीती आहेत. एक लगद्याची. आपल्या आज्या जुन्या वह्या आणि मेथी भिजवून, कुटून टोपल्या लिंपायच्या, तीच ही. रद्दीचे तुकडे रात्रभर भिजवायचे, पाणी पिळून कुटायचं आणि त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची. मेथीने लगदा चिकट होतो आणि कडूपणामुळे किडा लवकर लागत नाही. या रीतीने नाक, भुवया, गाल उठावदार होतात, पण मुखवटा जड होतो आणि वाळायला आठवडा लागतो. दुसरी रीत थरांची. पोरांसाठी मी हीच वापरतो, लगदा फक्त नाकाला आणि भुवयांना.

आधी फळीवर मातीचा चेहरा. माती शेतातली चिकण चालते, चाळून खडे काढा. चेहरा पोराच्या स्वतःच्या तोंडापेक्षा दोन बोटं मोठा हवा, कारण कागद वाळताना आकसतो. मातीवर खोबरेल तेलाचा हात फिरवा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळ न लावता, म्हणजे नंतर मातीपासून सहज सुटतो. त्यावर खळीचे सात थर. थर मोजताना पोरं हमखास चुकतात, म्हणून एक थर वर्तमानपत्राचा आणि एक तपकिरी कागदाचा असा आलटूनपालटून द्या. तपकिरी दिसला की कळतं, मागचा थर पुरा झाला. कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड शेजारच्या तुकड्यात मुरते, कापलेली कड वर उठून राहते. खळ मैद्याची, एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी, सतत ढवळत शिजवलेली. जुने लोक त्यात मोरचूद घालायचे. तुम्ही घालू नका. तो विषारी असतो आणि पोरं बोटं तोंडात घालतात. मेथीचं पाणी किंवा कडुलिंबाच्या पाल्याचा काढा वापरा.

वाळवायचं सावलीत. माघातलं ऊन बघून मोह होतो, पण उन्हात वरचा थर आधी आवळतो, आतला ओलाच राहतो आणि मुखवट्याची हनुवटी एका बाजूला वळते. मी एकदा अख्खे अठरा मुखवटे कौलांवर वाळत टाकले होते. संध्याकाळी सगळ्यांना अर्धांगवायू झाल्यासारखे दिसत होते. सावलीत, वाऱ्यावर, तीन दिवस. मग खडूची पूड आणि थोडा फेव्हिकॉल यांचा हात, पॉलिश पेपरने घासणं आणि त्यावर रंग.

डोळ्यांची भोकं हा खरा मुद्दा. पोरं चित्रातल्या डोळ्याच्या मध्ये बारीक भोक पाडतात, दिसायला ते सुंदर दिसतं. पण हा मुखवटा रात्री, हॅलोजनच्या उजेडात, जांभ्याच्या पायऱ्यांवर, उतरत्या अंगणात घालून नाचायचा असतो. आमच्याकडे एक मुलगा असाच खालच्या अंगणात पडला. नशिबाने हातावर निभावलं. आता मी भोकं चित्रातल्या डोळ्यांत पाडत नाही, भुवईखालच्या सावलीत किंवा मिशीच्या वर, जिथे त्या मुलाचे खरे डोळे येतात तिथे पाडतो, चांगली अंगठा जाईल एवढी, आणि कडा काळ्या रंगवतो. लांबून कोणाला कळत नाही. आतून कपाळाशी आणि गालांशी फोमचे तुकडे, नाकाखाली वाऱ्याला वाट, मागे पट्टी रुंद. मग परीक्षा: मुखवटा घालून मृदंगावर पंधरा मिनिटं नाचायचं आणि पायऱ्या उतरून दाखवायच्या. ज्याला धाप लागते त्याचा मुखवटा पुन्हा कापायचा, कितीही देखणा असला तरी. जुने लाकडी मुखवटे पांगाऱ्याचे का करायचे तेही या परीक्षेतून पोरांना आपोआप कळतं. पांगारा वजनाला हलका. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणीसुद्धा पूर्वी त्याचीच.

सोंगं कोणती करायची? ती तुमच्या गावातली. गणपती, रावण असतील तर ते, संकासुर असेल तर तो. संकासुर पोरांना सगळ्यात जास्त आवडतो आणि त्याला मुखवट्यापेक्षा शिवणकाम जास्त लागतं: काळा पायघोळ, उंच टोकदार टोपी, पांढरी लांब दाढी, कमरेला घंटा. दाढीला ताग घ्या, धुऊन विंचरून. कापूस घामाने लोंबतो. खाली सिंधुदुर्गात हाच असुर दशावतारी नाटकाच्या सुरुवातीला, म्हणजे आडदशावतारात, वेद चोरून आणतो आणि मालवणीत बोलून लोकांना हसवतो. आपल्याकडे त्याला बघून लहान पोरं आईच्या मागे लपतात. एकच नाव, पण दोन गावांच्या मध्ये त्याचा स्वभाव बदलतो. तुमच्या गावचा कसा चालतो हे वयस्क खेळ्याकडून पोरांना बघू द्या. यूट्यूबवर बघून केलेला संकासुर दुसऱ्याच गावचा निघतो, आणि म्हातारी माणसं ते पहिल्या पावलाला ओळखतात.

तोंड रंगवायचं असेल तर एक धोका सांगून ठेवतो. जुन्या पेट्यांमध्ये अजून सफेदा आणि मुर्दाडशिंग सापडतं. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. पोरांच्या चेहऱ्याला ते अजिबात लावू नका, ‘आम्ही जन्मभर लावलं’ असं कोणी कितीही म्हणालं तरी. औषधाच्या दुकानातलं झिंक ऑक्साइड खोबरेल तेलात कालवा, काळ्याला घरचं काजळ. रंग उतरवायलाही खोबरेल तेलच.

मृदंग सहा आठवड्यांत येत नाही. पण सहा आठवड्यांत पोरगं मृदंगापाशी बसायला शिकतं, आणि मला तेवढंच हवं असतं. पहिले दोन आठवडे वाद्याला हात लावायचा नाही. बोल तोंडाने म्हणायचे आणि मांडीवर वाजवायचे. डाव्या पुडीला ओली कणीक किती लावायची, ती सुकली की आवाज कसा चढतो, मग पाण्याचा हात कसा फिरवायचा, हे तालमीत शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून मृदंगाचा वेगळा वर्ग ठेवू नका. मोठ्यांच्या तालमीत चार पोरांना पुढे बसवा, टाळ हातात द्या. टाळ धरता आला की लय बसली.

गाण्यांच्या बाबतीत तुम्ही मुंबईकर आमच्यापेक्षा पुढे आहात, हे कबूल करतो. परळच्या दामोदर नाट्यगृहात आपल्या मंडळांनी नमनं गाजवली, तिकीट लावून. पण त्या रंगमंचावरच्या नमनात वग लांबला, लाइट आले, सिनेमाच्या चाली आल्या, आणि ‘पयलं नमन’ दोन मिनिटांत उरकायला लागलं. गावात अंगणातल्या नमनाला वेगळी चाल असते. देवांची नावं घेताना आधी आपला ग्रामदेव, मग शेजारच्या गावचे, मग वाटेवरचे, अशी वाट चालत जातात. भैरी, वाघजाई, केदारलिंग, जाखमाता, ज्याच्या त्याच्या सीमेप्रमाणे. ही नावं एखाद्या जुन्या वहीत असतील किंवा फक्त एखाद्या आजोबांच्या तोंडी. पोरांचं पहिलं काम ते: दोघांनी जायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, मग वहीत उतरवायचं. विचारून रेकॉर्ड करा आणि त्यांनी सांगितलं की हे गाणं बाहेर टाकू नको, तर टाकायचं नाही. एका आजोबांनी मला तीन गवळणी सांगितल्या आणि चौथी म्हणाले, “ती म्या मेल्यावर.” ती आमच्याकडे नाही. नसू दे.

बायकांसाठी ‘वेगळी कार्यशाळा’ हा शब्द मला खटकतो. मंडळं काय करतात, पुरुषांना मृदंग देतात आणि बायकांना रांगोळी. नमनात राधा-गवळणी पुरुषांनीच नाचायच्या, ही जुनी रीत खरी. पण आता काही गावांत बायका पालखीही नाचवतात आणि त्यांची स्वतःची नमनंही उभी राहिली आहेत. तुमच्या गावात काय चालेल ते गाव ठरवेल, पण तालमीचं दार उघडं ठेवा आणि वेळ विचारून घ्या. रात्री साडेनऊची तालीम ठेवलीत तर भांडी घासून येणारी बाई कशी येणार? आमच्याकडे बायकांनीच दुपारी तीनची वेळ मागून घेतली. आता संकासुराची टोपी शिवणाऱ्या दोघी त्याचं गाणंही म्हणतात, आणि घरच्या पुरुषांपेक्षा सुरात म्हणतात.

आता तुमचे शिक्षक. तिसऱ्या आठवड्यात मुखवट्यांना खडूचा हात बसलेला असतो. रंग कुठला, रेघ किती जाड म्हणजे तीस पावलांवरून रात्री दिसेल, काळ्यापुढे लाल कसा उठतो, हे सांगायला हाताचा माणूस लागतो. तेव्हा त्यांना बोलवा. येण्याआधी त्यांना एक रात्र कोणत्याही गावचं नमन बघायला लावा. जमलं तर त्यांना कुडाळजवळच्या पिंगुळीला पाठवा. तिथल्या ठाकर कलावंतांची चित्रकथी त्यांनी बघावी. कागदावरची रामायण-महाभारतातली चित्रं एकामागून एक उभी धरायची आणि वीणा, टाळ आणि हुडुक हे छोटं चर्मवाद्य यांच्या साथीने गोष्ट गायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी, आणि त्यांच्या अंगणातल्या ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ संग्रहालयात जुनी चित्रं, कळसूत्री बाहुल्या बघायला मिळतात. तिथली चित्रं आपल्या पोरांकडून नक्कल करून घ्यायला मी सांगत नाही, ती परंपरा त्या घरांची आहे. पण चित्रकला शिक्षकाला तिथे एक गोष्ट दिसते: गाणं थांबलं की चित्र अर्धं होतं. तिथून आलेला माणूस पोरांना ‘डोळे मोठे काढ’ असं सांगत नाही, आधी विचारतो की हा मुखवटा कुठल्या गाण्यावर येतो.

खर्च. तीस पोरांच्या मुखवट्यांना पाच-सहा किलो रद्दी लागते, ती गावातच फुकट मिळते. तीन किलो मैदा, अर्धा किलो मेथी, दोन किलो खडूपूड, एक किलोचा फेव्हिकॉल, पाण्यात मिसळणारे पाच रंग, ब्रश, फोम, पट्टी. हे फार नाही. पैसा जिथे लागतो तिथे मंडळं हात आखडतात: शिकवणाऱ्या गावातल्या माणसांचं मानधन. मुंबईच्या शिक्षकाला प्रवासखर्च आणि पाकीट, आणि सहा आठवडे रोज रात्री येणाऱ्या मृदंगवाल्या आजोबांना शाल-श्रीफळ, हे मला बघवत नाही. दोघांना सारखा दर लावा. आजोबा घेणार नाहीत, तरी त्यांच्या सुनेच्या हातात द्या.

पंचमीच्या आधीच्या रविवारी एक रंगीत तालीम घ्या, शाळेच्या अंगणात, पाहुणे न बोलावता, स्टेज-हार-सत्कार काही नको. फक्त पोरं, आया, आणि ज्यांच्याकडून गाणी घेतली ती म्हातारी माणसं पुढच्या खुर्च्यांवर. काय चुकतंय ते ती माणसं तिथेच ओरडून सांगतील. सत्कार समारंभात ती सांगणार नाहीत.

शिमगा झाल्यावर मुखवटे पडवीत टांगू नका. पुसून, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला भरून, पत्र्याच्या पेटीत माळ्यावर. पेटीवर कोणत्या पोराने कोणतं सोंग केलं ते लिहा. पुढल्या वर्षी त्याला उंची आलेली असते, मुखवटा धाकट्याला जातो आणि मोठा मृदंगापाशी सरकतो.

आणि मृदंगावरून आठवलं. तुमच्या गावच्या मृदंगाच्या पुड्या आणि वाद्या आजच बघून घ्या. त्या बदलायच्या असतील तर पौषातच कारागिराकडे पोचवा. माघ अर्धा सरला की अख्ख्या तालुक्याचे मृदंग त्याच्या ओटीवर रांगेत पडलेले असतात आणि ‘होळीला देतो’ म्हणालेला मृदंग रंगपंचमीला हातात येतो.